दोघींनी बघितला तरच

मार्गशीर्ष लागला की बेळगावच्या अनगोळातल्या आमच्या गल्लीत कानटोप्या बाहेर निघतात, पहाटे नळाखाली घागर लावताना बायका हात आखडून घेतात, आणि हायवेवरून आलेला प्रत्येक माणूस प्यायला पाणी मागायच्या आधी उसाच्या ट्रॉल्यांना शिव्या घालतो. याच दिवसांत माझा फोनही वाजायला लागतो. अमुक तळ्यावर तमुक पक्षी आलाय, हे कळवणारे फोन. पूर्वी अशा फोनसाठी मी जीव टाकायची. आता गृहपाठ न केलेल्या पोरीला बाईंनी नाव घेऊन उठवावं तशी दचकते.

यंदाचा निरोप शनिवारी सकाळी आला. मी गॅलरीत शाल गुंडाळून चहा पीत होते. समोरच्या जास्वंदीत शिंपी पक्ष्यांची जोडी अंगाला न शोभणाऱ्या आवाजात भांडत होती आणि मी ते भांडण ऐकण्यात पूर्ण सुखी होते. तेवढ्यात आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर फोटो पडला. धुकं, पाणी, आणि पाण्याच्या कडेला एक काळा ठिपका. खाली लिहिलेलं, 'काळा करकोचा!!! निपाणीच्या अलीकडचा तलाव!!! मॅडम, कन्फर्म करा!!!' एवढी उद्गारचिन्हं बघूनच मला थकवा आला. मॅडम म्हणजे मी. मागोमाग दुसरा निरोप, 'मॅडम आणि आक्का, उद्या रविवार आहे.' जसा काही रविवार यांनीच शोधून काढला होता.

चहा निवला. माझं काय झालं ते इथे सरळच सांगते, कारण तोंडाने हे कुणाला सांगायची सोय नाही. मला जायचं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून नाही. दुखतात तरी मी चालते. डोळ्यांचीही तक्रार नाही, मोतीबिंदू काढल्यापासून मला जरा जास्तच दिसतं. जायची ओढच आत नव्हती. पिठाच्या डब्यात हात घालावा आणि बोटांना तळाचा पत्रा लागावा, तसं झालं. आणि तरीही मी जाणार हे मला माहीत होतं. कारण थोड्याच वेळात वडगावहून इंदू आक्काचा फोन येणार होता.

आक्का माझी सख्खी बहीण नव्हे, नात्यातलीही नव्हे. वडगावच्या विणकराच्या घरातली, हायस्कुलात सायन्स शिकवून रिटायर झालेली, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. आमची ओळख पाखरांनी करून दिली आणि पुढे टिकवलीही पाखरांनीच. गेली कितीतरी वर्षं आम्ही दोघी मिळून आडवाटेचे, क्वचित येणारे, वर्तमानपत्रात बातमी होईल असे पक्षी शोधत हिंडतो आहोत. हिंडत होतो, असं म्हणायची वेळ आली आहे, आणि ते आक्काला कसं सांगायचं हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. निपाणीच्या आमच्या गल्लीतली सरकारी नोकरी लागलेली पहिली मुलगी. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, तिच्या आईनेही तेच केलेलं, त्याआधी शेतावर मजुरी. माझ्या नोकरीचा कागद आला तेव्हा आईने तो बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवला आणि मला पेढा भरवायचा सोडून स्वतःच रडत बसली. ती नोकरी मला सोन्यासारखी होती, यात शंका नाही. पण बेळगावच्या एक्स्चेंजच्या त्या खोलीला धड खिडकी नव्हती. कानाला हेडफोन, समोर दिवे, आणि दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची. कोण मेलं, कोण बाळंत झाली, कुणाचं लग्न मोडलं. सगळ्या जगाचे आवाज कानात, आणि बाहेर ऊन आहे की आभाळ तेसुद्धा कळायचं नाही. एकदा एक लाइनमन खेड्यावरून परत येऊन म्हणाला, "बाई, तळ्यावर मोठाली पाखरं उतरल्यात, बघायला पायजे." सुट्टीच्या दिवशी मी बसने गेले. हातात मामांची जुनी दुर्बीण होती. नुसतं आभाळ बघूनच मला रडू येईल असं वाटलं.

त्याच तळ्यावर आक्का भेटली. ती शाळेतल्या मुलींची सहल घेऊन आली होती. पाण्यातल्या एका बुंध्यावर एक काळा पक्षी दोन्ही पंख पसरून ऐटीत उभा होता. मी दुर्बिणीतून तो बघितला आणि आनंदाच्या भरात शेजारच्या अनोळखी बाईंना म्हणाले, "अहो, गरुड! गरुड बघा!" बाईंनी एकदा पक्ष्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाल्या, "पाणकावळा हाय गं तो. पंख वाळत घालतोय, लुगडं वाळत घातल्यागत." सगळ्या मुली खिदळल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बाईंनी लगेच डबा उघडून माझ्यापुढे धरला. "घे. भूक लागली की कुणालाबी गरुडच दिसतो." एकाच डब्यात दोघींचे हात. मी कुठल्या गल्लीतली, कुणाची, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढे कधीच विचारलं नाही. आमच्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाला या न विचारण्याची किंमत कळते. परतीच्या बसमध्ये बाईंची आक्का झाली, आणि दोन-चार महिन्यांत तुम्हीची तू.

मग थंडीचे ते सगळे रविवार आठवतात. वेगवेगळे नाही आठवत, एकच लांबलचक रविवार असल्यासारखा आठवतो. आक्काची लूना, नंतर माझी स्कूटर. पिरनवाडीच्या पुढे तेव्हा माळ सुरू व्हायचा. आता तिथे घरांना घरं लागलीत, पण तेव्हा त्या गवतावर संध्याकाळी भोवत्या ससाणे जमिनीला घासत उडायचे आणि अंधार पडायच्या आत गवतात बसून नाहीसे व्हायचे. बोटं गारठून दुर्बिणीचं चाक फिरत नसे. गुऱ्हाळावरून काकवीचा वास यायचा. शाळूची कणसं भरत आलेली असत आणि त्यांच्यावर थव्याने मुनिया पडत. साडी वर खोचून चिखलात उभ्या असलेल्या दोन बायका बघून वाटेवरचे लोक हटकायचे, "काय हरवलंय व्हय बाई?" आक्का गंभीरपणे सांगायची, "व्हय. नथ पडलीया." मग ते बिचारे आमच्याबरोबर गवतात नथ शोधायचे आणि आम्ही दोघी हसू दाबत पुढे सरकायचो. त्या दिवसांत मी जितकी मोकळी होते तितकी आयुष्यात कधीच नव्हते.

आमचा नियम त्याच काळातला. आक्काच्या सासरी मागांची खटखट दिवसभर चालायची. त्या घरात रीत अशी, की साडी मागावरून उतरली की विणणाऱ्याने आपली साडी आपणच पास करायची नाही. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तिचं एक टोक धरायचं, दारात उजेडाला पसरायची, आणि ती दुसरी नजर फिरून आली की मगच साडी पुरी झाली म्हणायची. आणि मधे कुठे धागा तुटला होता हे विणणाऱ्याने सांगायचं नाही. सांगितलं की बघणारीची नजर नेमकी तिथेच जाते आणि बाकीचं राहतं. एकदा आक्का कुठलातरी भन्नाट पक्षी एकटीने बघून आली, मी विश्वास ठेवला नाही, दोघींचं वाजलं, आठवडाभर अबोला. मग आक्कानेच घरची रीत पाखरांना लावली. "दोघींनी बघितला तरच बघितला. एकटीनं बघितलेला धरायचा न्हाय. आनि दुसरीनं बघस्तवर तो कसा हुता ते बोलायचं बी न्हाय. न्हायतर ती मनानंच बघती." मला नियम फार आवडला. आपल्या नजरेला कुणाच्या तरी नजरेची जोड लागते, यात केवढा जिव्हाळा आहे, असं वाटलं होतं. हाच दोर पुढे पायात अडकेल असं तेव्हा कसं वाटावं?

आणि याच नियमामुळे काळा करकोचा माझ्या घशात अडकून आहे. फार वर्षांपूर्वी तो एकदा आला होता, याच तलावावर. मी निपाणीला आईकडे गेले असताना मला दिसला. मी धावत जाऊन पोस्टाजवळच्या फोनवरून आक्काला कळवलं, तर तिचे सासरे आदल्या दिवशी गेलेले. घरात सुतक. दहा-बारा दिवस तिला उंबरा ओलांडता येणार नव्हता. सगळं उरकून ती आली तेव्हा तलावावर टिटव्या होत्या आणि म्हशी. आक्का काठावर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "जाऊंदे. ईल परत. बोलू नकोस काय." मी बोलले नाही. तेव्हापासून आजतागायत एक शब्द बोलले नाही. आमच्या हिशेबी काळा करकोचा अजून यायचाच होता.

आता ही ओढ कधी आटली ते सांगायचं तर मलाही नीट सांगता येत नाही. एक दिवस असा नाही. केस पांढरे व्हायला लागतात तेव्हा पहिला कुठला झाला हे कोण सांगणार? लोकांनी मात्र मला पक्षीवाल्या बाई करून टाकलं आणि मग त्यातून बाहेर पडायला जागाच ठेवली नाही. घरात बघावं तिकडे पक्षी. मोरांच्या चादरी, पोपटांचे कप, तासातासाला निरनिराळ्या पक्ष्याच्या आवाजात ओरडणारं एक घड्याळ, जे सुनेने इतक्या प्रेमाने दिलं की त्याचे सेल काढायचीही चोरी. लग्नात अक्षता पडायच्या आधी शेजारचा माणूस विचारतो, "काय मॅडम, नवीन काय दिसलं?" सत्कारात शाल, नारळ आणि गरुडाची फ्रेम. त्या फ्रेममधला गरुड मला बघून 'पाणकावळा हाय गं' असं म्हणतो की काय असं कधीकधी वाटतं. छंद कसला, ही नोकरीच झाली, आणि हिला रिटायरमेंटसुद्धा नाही.

दुसरंही एक झालं. पूर्वी दुर्मीळ म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा. आता मला त्या पक्ष्याची दया येते. कारण आपल्या भागात दुर्मीळ म्हणजे बहुतेक वेळा वाट चुकलेला. त्याचा थवा भलतीकडेच गेलेला असतो, हा वाऱ्याने इकडे येऊन पडतो, दमलेला, एकटा, कुठल्यातरी परक्या तळ्याच्या कडेला. आणि आपण पन्नास जण कॅमेरे घेऊन त्याच्याभोवती. मागे एका बदकाला आमच्याच पोरांनी या काठावरून उठवलं की त्या काठावर, तिथून परत इथे. फोटो फार सुंदर आले. मी घरी आले आणि जेवले नाही. त्यापेक्षा माझे शिंपी बरे. ते कुठे जात नाहीत, मलाही कुठे नेत नाहीत. रोज तीच जास्वंद, तेच भांडण, आणि रोज मला पुरून उरतं. हे म्हातारपण आहे की शहाणपण, मला ठाऊक नाही. आळसही असेल.

मग सांगून का टाकत नाही? सांगितलं असतं. ग्रुप सोडायला एक बोट पुरतं. पण आक्का? आमच्या नियमाप्रमाणे मी थांबले की आक्काचंही बघणं थांबणार. नवरा गेलेला, मुलगा बेंगळूरला, पुढच्या खोलीतले माग विकून टाकलेले. खटखट बंद झाल्यावर झोप लागत नाही म्हणते. तिला थंडीचे हे चार रविवार तेवढे उरलेत, आणि तेही मी काढून घ्यायचे? आणि खरं भय याच्याही पुढचं होतं. इतक्या वर्षांत मी आक्काच्या घरी नुसती म्हणून कधी गेले नाही. ती माझ्याकडे आली नाही. हळदीकुंकवाला नाही, दिवाळीला नाही. फोनवर पहिला शब्द ठरलेला, "काय दिसलं?" दोघींच्या मधे सतत एक पाखरू बसलेलं. ते उडालं तर आमच्यात काय उरतं, हे मला माहीत नव्हतं, आणि बघायचा धीरही नव्हता. म्हणून मी जात राहिले. खोटं हसू आणून, खोटी घाई करून.

फोन आलाच. "सुजे, बघितलीस फोटू?"

"बघितला आक्का."

"तोच हाय न्हवं?"

"तसाच वाटतोय."

मला वाटलं, आता म्हणेल, थंडी लई हाय, राहू दे. मी फोन कानाशी दाबून त्या शब्दांची वाट बघितली. आक्का म्हणाली, "मग पहाटं ये न्यायला. डबा मी आणतो." माझ्या तोंडून निघालं, "वा, मस्तच!" कुणाच्या तरी दुसऱ्याच्याच आवाजात निघालं.

रविवारी मी गाडी काढली. आक्का वडगावच्या गल्लीच्या तोंडाशी स्वेटरवर शाल, शालीवर मफलर अशी उभी होती. गळ्यात दुर्बीण. हायवेला लागलो तर धुक्यात पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. आम्ही फार बोललो नाही. संकेश्वरच्या पुढे फाट्यावरून आत वळलो आणि थोड्याच अंतरावर अडकलो. रस्ता अरुंद, पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला मागे दोन ट्रॉल्या, एकीचं चाक कडेच्या चरात गेलेलं आणि ट्रॉली रस्त्यात कललेली. मी मागे घ्यावं म्हटलं तर तोवर मागे दुसरा ट्रॅक्टर येऊन टेकला. पुढे ऊस, मागे ऊस, दोन्ही अंगाला उभा ऊस. ट्रॅक्टरवरच्या स्पीकरला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, तो कुणाच्या तरी लग्नातलं गाणं ठणाठणा वाजवत होता. आक्काने काच खाली करून ड्रायव्हरला विचारलं, "किती येळ रं आप्पा?" तो म्हणाला, "क्रेन यायला पायजे आक्का. जेवून घ्या निवांत." आणि स्वतः ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून तंबाखू मळायला लागला.

त्या वासासरशी मी एकदम निपाणीला पोचले. आई वखारीतून यायची तेव्हा तिच्या लुगड्याला, केसांना, तळहातांना हा वास असायचा. थंडीत जास्तच. दारात येऊन आधी ती शिंकायची, मग हसायची. मी दुर्बीण गळ्यात घालून निघाले की म्हणायची, "बघून काय करतीस गं?" रागाने नाही, खरोखर विचारायची. दिवसभर भुकटी गिळणाऱ्या बाईला तिची मुलगी दिवसभर पाखरं बघते म्हणजे नेमकं काय करते ते कळत नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं. आज तिने विचारलं असतं तर मी म्हणाले असते, मलाही कळत नाही बाई.

आणि खरं सांगायचं तर त्या दोन ट्रॉल्यांच्या मधे अडकल्यावर मला बरं वाटलं. क्रेन येऊच नये. दुपार व्हावी, पक्षी उडून जावा, आणि दोष उसाचा असावा. मी आक्काकडे बघितलं. ती उसाकडे बघत होती. तिने एकदाही घड्याळ बघितलं नाही, की कधी नव्हे ते मला "उतर, चालत जाऊया" असंही म्हणाली नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण मी माझ्याच खोट्यात इतकी गुंतलेली की दुसऱ्याचं कुठून दिसणार?

क्रेन आली. यायचीच. आम्ही तलावावर पोचलो तेव्हा धुकं विरलं होतं आणि ऊन पाण्यावर आलं होतं. पोरं फोटो काढून पुढे गेलेली, काठावर टायरांच्या खुणा आणि बिस्किटांचे कागद. म्हशी होत्या. टिटवी आम्हाला बघून ओरडली. मी दुर्बीण लावून सगळा काठ एकदा डावीकडून उजवीकडे बघितला, मग उजवीकडून डावीकडे. करकोचा नव्हता. पलीकडच्या बांधामागे असू शकला असता. म्हणजे आता चिखलातून तिकडे जायचं, तिथेही नसला तर पुढच्या तळ्यावर. दुपार, संध्याकाळ, पुढचा रविवार, त्याच्या पुढचा. माझे खांदे दुखायला लागले. तरी मी म्हणाले, "चल आक्का, बांधापलीकडं बघून येऊ."

आक्का एका दगडावर बसली होती. दुर्बीण गळ्यातच, तिला तिने हातसुद्धा लावला नव्हता. तिने बोट वर केलं. "कशाला तिकडं? त्यो बघ की. बुंध्यावर."

मी बघितलं. पाण्यातल्या बुंध्यावर पाणकावळा उभा होता. दोन्ही पंख पसरलेले. लुगडं वाळत घातल्यागत.

"दिसला का?" आक्काने विचारलं. तिचा आवाज वर्गात प्रश्न विचारतानाचा, सरळ, जराही न हसणारा. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिचे डोळे मुळीच अधू नाहीत. सुईत दोरा ती अजून चष्म्याशिवाय ओवते. ती माझ्याकडेच बघत होती आणि तिला सगळं माहीत होतं. मला किती दिवसांपासून यायचं नव्हतं हे माहीत होतं, आणि तिलाही नव्हतं, हे मला आत्ता, त्या घटकेला कळलं.

"दिसला," मी म्हणाले.

"मला बी. दोघींनी बघितला. झालं मग." तिने सुस्कारा सोडला आणि मफलर काढून मांडीवर ठेवला. "लई दमलो गं सुजे. तीन वरसं झाली. तुझं मन मोडंल म्हणून येत हुतो."

"आणि मी तुझं मोडेल म्हणून."

"मास्तरीण आनि टेलिफोनवाली. दोघी शहाण्या." मग तिने डबा उघडला. शाळूची भाकरी, वांगं, शेंगाची चटणी, कांदा. एक भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली. माझ्या पिशवीत फोन थरथरत होता, पोरांना कन्फर्म हवं होतं. थरथरू दिला.

मला अजून भीती होतीच. मी विचारलं, "मग पुढच्या ऐतवारी?"

"घरी ये. दुर्बीण आणू नकोस. दारात बसू, चिमण्या येत्यात, त्या बघू. न्हाय आल्या तर न्हाय." तिने घास चावून संपवला आणि माझ्याकडे वळून बसली. "आता सांग. तवा कसा हुता त्यो?"

"कोण?"

"कोण काय इचारतीस? काळा करकोचा. आता दोघींनी बघितलाय. आता बोलायला काय हरकत?"

इतकी वर्षं तोंड बंद ठेवलेलं, ते पटकन उघडेना. मग मी सांगायला लागले. संध्याकाळची वेळ होती. तो त्या बाभळीच्या खाली, उथळ पाण्यात एकटा उभा होता. लांबून नुसता काळा. मग वळला आणि ऊन अंगावर पडलं, तर काळ्यात हिरवं, हिरव्यात जांभळं, तुझ्या मागावरच्या धूपछाव साडीसारखं. पोट पांढरंशुभ्र. चोच लाल, पाय लाल, डोळ्याभोवती लाल. एक पाय उचलायचा, बराच वेळ तसाच धरायचा, मग पाण्याला न दुखवता ठेवायचा. मी दुर्बीण आईच्या डोळ्याला लावून दिली. तिला चाक फिरवता येईना, मी फिरवलं. आधी म्हणाली, काय दिसत न्हाय. मग तिने चाकावरचं माझं बोट बाजूला सारलं. तिच्या हाताला तंबाखूचा वास येत होता आणि दुर्बीण तिला जड होत होती, म्हणून मी खालून हात धरला. ऊन जाईस्तोवर तिने दुर्बीण काढली नाही. त्या दिवशी तिने 'बघून काय करतीस' असं विचारलं नाही. घरी जाताना एवढंच म्हणाली, "पाय कुणी रंगवलं असतील गं त्याचं?" पुढच्या वर्षी ती गेली.

आक्काच्या हातातला घास तसाच राहिला होता.

"आई हुती संगं?"

"होती."

"मला कधी बोलली न्हाईस."

"नियम होता ना."

आक्काने माझ्या पाठीवर हात ठेवला. बुंध्यावरचा पाणकावळा पंख मिटून पाण्यात उतरला.

"येडी हाईस तू," ती म्हणाली. "मग तवाच दोघींनी बघितला की गं."